तापलेल्या तारेचा इतिहास

वातीची चिमणी काडी लावताच पेटते. हवा भरायच्या पितळी स्टोव्हचे तसे नसे. चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी या भागातल्या ज्या शिक्षकांचे लहानपण गॅसची शेगडी घरोघरी येण्यापूर्वी गेले, त्यांना तो सारा खटाटोप आठवत असेल. आधी बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट ओतायचे किंवा स्पिरिटात भिजवलेला काकडा लावायचा, बर्नर तापेपर्यंत धीर धरायचा आणि मगच पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नसे आणि पिवळा भडका उडे. बर्नर एकदा तापला की मात्र स्पिरिटाची गरज उरत नसे. जळणाऱ्या वाफेच्या उष्णतेने बर्नर तापलेला राही आणि तापलेला बर्नर पुढच्या रॉकेलची वाफ करी. पहिली उष्णता बाहेरून आणलेली, त्यानंतरची घरचीच.

याच तत्त्वावर चालणारे एक इंजिन मुठीत मावते. विमानांच्या उडत्या प्रतिकृतींना बसवतात ते ग्लो इंजिन. त्याच्या माथ्यावर एक छोटा प्लग असतो. मोटारसायकलच्या प्लगमध्ये ठिणगी पडण्यासाठी फट ठेवलेली असते. इथे तिच्या जागी केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. इंजिन सुरू करताना दीड व्होल्टचा सेल जोडून ही तार लालभडक करतात, पंखा फिरवतात, इंजिन चालू लागते. मग सेल काढून घेतात, आणि इंजिन चालतच राहते. त्याला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही, ठिणगी नाही. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या अशा टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला २०० वेळा इंधन पेटते. ही काडी कोण लावते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण १८१७ सालापर्यंत मागे जातो. तेही एखाद्या कार्यशाळेत नव्हे, तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत.

खाणीतला दिवा

२५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली. कोळशाच्या थरांतून निघणारा मिथेन वायू हवेत मिसळतो आणि उघड्या दिव्याने पेट घेतो. अशा अपघातांनी हादरलेल्या लोकांनी रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांना साकडे घातले. डेव्ही यांनी १८१५ साली ज्योतीभोवती बारीक जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता शोषून पसरवून टाकतात, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. हा सुरक्षा-दिवा आपल्या पाठ्यपुस्तकांतही भेटतो.

त्यानंतर डेव्ही यांनी जे पाहिले ते मात्र पुस्तकांत सहसा येत नाही. ज्योतीशिवाय ज्वलन होऊ शकते का, याचा ते शोध घेत होते. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात त्यांनी प्लॅटिनमची गरम तार सोडली. तार पेटलेल्या ज्योतीइतकी तापलेली नव्हती, मिश्रणाने पेटही घेतला नाही. पण थंड होण्याऐवजी तार लाल होऊन धगधगू लागली आणि मिश्रण संपेपर्यंत तशीच राहिली. अल्कोहोलच्या आणि ईथरच्या वाफेतही तेच घडले. तांबे, चांदी, लोखंड, सोने यांच्या तारा घेऊन पाहिल्या, तर त्या मुकाट्याने थंड झाल्या. हा गुण प्लॅटिनम आणि पॅलेडियम या दोनच धातूंत दिसला. १८१७ च्या जानेवारीत हे निरीक्षण रॉयल सोसायटीपुढे आले.

डेव्ही यांनी त्याचा उपयोगही लगेच सुचवला. खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीवर प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे टांगावे. वायूचे प्रमाण फार वाढून ज्योत विझली, तरी तार धगधगत राहील आणि तिच्या मंद उजेडात कामगाराला बाहेरची वाट सापडेल. ज्योत गेल्यावरही तार उजेड देते, कारण इंधन आणि ऑक्सिजन यांचा संयोग तारेच्या पृष्ठभागावर चालूच असतो. प्लॅटिनमचे अणू दोन्हींचे रेणू क्षणभर धरून ठेवतात, त्यांचे बंध सैल करतात आणि ज्या तापमानाला हवेत ज्वलन सुरू होणार नाही त्या तापमानालाही ते घडवून आणतात. संयोगातून सुटलेली उष्णता तारेलाच मिळते. तार स्वतः खर्च होत नाही.

१८२३ साली जर्मनीतील येना येथे योहान डोबेरायनर यांनी स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तर तो काडीशिवाय पेटला. त्यावर आधारलेला ‘पेटवणीचा दिवा’ युरोपातल्या घरांत बरीच वर्षे वापरात होता; आगकाडीचा प्रसार व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट. अशा घटनांना एक समाईक नाव हवे म्हणून स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८३५ च्या सुमारास जी संज्ञा बनवली, ती आपण मराठीत ‘उत्प्रेरण’ म्हणून शिकवतो. बहुतेक वर्गांत उत्प्रेरकाचा धडा मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या भुकटीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. धगधगती तार दाखवली, तर तो धडा मुलांच्या डोळ्यांसमोर घडेल.

शाळेला प्लॅटिनम परवडणार नाही. पण ॲसिटोनच्या वाफेत तांब्याची तारही असे वागते. रुंद तोंडाच्या काचेच्या चंचुपात्रात तळाशी थोडेसे ॲसिटोन घ्यावे. तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे दूरच्या ज्योतीवर लाल करून द्रवाला न टेकेल असे वाफेत टांगावे. वेटोळे काही मिनिटे धगधगत राहते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून, थोडाच वेळ करावा. ॲसिटोनची बाटली बूच लावून दुसऱ्या खोलीत ठेवावी, तार आत सोडण्यापूर्वी ज्योत विझवावी आणि निघणारी वाफ हुंगू नये.

इंजिनात आग कशी लावायची?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिने बनू लागली तेव्हा सिलिंडरच्या आत वेळेवर आग लावणे ही सर्वांत मोठी डोकेदुखी होती. निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या इंजिनात एक सरकती झडप बाहेरच्या ज्योतीचा तुकडा जणू उचलून आत नेत असे. हे फार वेगाने होणे शक्य नव्हते. गॉटलीब डाइमलर यांनी १८८३ साली वेगळी युक्ती काढली. सिलिंडरला एक बंद नळी जोडायची आणि बाहेरून बर्नरने ती लाल ठेवायची. दट्ट्या वर आला की दाबलेले मिश्रण नळीत शिरते आणि पेटते. इंजिन वेगवान झाले. मात्र चालू असेपर्यंत शेजारी बर्नर जळता ठेवावा लागे.

हा बर्नर काढून टाकण्याचे श्रेय इंग्लंडच्या हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांना जाते. १८९० च्या त्यांच्या पेटंटमधील इंजिनाच्या डोक्याशी लोखंडाचा एक पोकळ गोळा होता. सुरुवातीला तो ब्लोलॅम्पने तापवायचा. इंजिन चालू झाले की ब्लोलॅम्प बंद; पुढे प्रत्येक स्फोटाची उष्णता गोळ्यात साठून पुढच्या इंधनाला पेटवते. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने अशी इंजिने १८९० च्या दशकात विकायला सुरुवात केली. साधे, कमी प्रतीचे तेलही त्यांना चाले, म्हणून ती शेतांत, गिरण्यांत आणि बोटींवर पोचली. स्टोव्हच्या बर्नरची आठवण इथे होणे अगदी स्वाभाविक आहे. वातीविना चालणारा तो स्टोव्हही स्वीडनमध्ये १८९२ च्याच सुमारास जन्मला.

त्यानंतर दोन वाटा फुटल्या. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली यशस्वी केलेल्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने तेल पेटते. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांनी ही जात विहिरीविहिरीवर पोचवली. वीज येण्यापूर्वी ओलिताच्या वावरात हँडल मारून इंजिन सुरू करणारा माणूस चांदूर बाजार तालुक्यात कोणाला नवा नव्हता. तो आधी झडप उघडी ठेवून जड चाकाला वेग देई आणि मग कळ पाडून दाब येऊ देई. दुसरी वाट विजेच्या ठिणगीची. १९०२ साली बॉश कंपनीत उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार झाला आणि मोटारींचा प्रश्न सुटला.

या दोन वाटांमुळे तापलेल्या गोळ्याचे इंजिन हळूहळू मागे पडले. तापलेल्या वस्तूने आग लावण्याची कल्पना आता संपली, असे त्या काळी कोणालाही वाटले असते.

वजनाचा प्रश्न

ती पुन्हा उगवली विमानांच्या प्रतिकृतींत. ब्रिटनच्या डेव्हिड स्टँगर यांनी १९१४ साली छोटे पेट्रोल इंजिन बसवलेली प्रतिकृती ५१ सेकंद उडवली. हा विक्रम पुढे अठरा वर्षे टिकला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन यांनी लहान पेट्रोल इंजिने बनवली आणि हा छंद पसरला. पण या इंजिनांना ठिणगी हवी होती. ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटऱ्या आणि वेळ साधणारी कळ. इंजिन लहान करत गेले तरी हा संसार त्या प्रमाणात लहान होत नसे. लहान इंजिनाला तो इंजिनापेक्षा जड पडे. उडणाऱ्या वस्तूला याहून मोठी अडचण ती कोणती?

युरोपात यावर दाबाने पेटणाऱ्या छोट्या इंजिनांचा तोडगा निघाला. त्यांत रॉकेल, वंगण आणि सहज पेटणारे ईथर यांचे मिश्रण वापरतात. माथ्यावरच्या स्क्रूने दाब कमीजास्त करतात. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ च्या अखेरीस दुसरा तोडगा बाजारात आणला, तो म्हणजे ग्लो प्लग. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक तार, तीही सुरू करण्यापुरती विजेवर तापवायची. बॅटरी जमिनीवरच राहते. कॉइल, कंडेन्सर आणि कळ हा सगळा पसारा एका तारेने निकालात काढला. दोन-तीन वर्षांतच ठिणगीची छोटी इंजिने बाजारातून दिसेनाशी होऊ लागली.

या तोडग्याला एक अट होती. पेट्रोलच्या वाफेत ही तार पुरेशी तापून राहत नाही. तिला मिथेनॉल लागते, कारण मिथेनॉलचे रेणू प्लॅटिनमवर सहज प्रक्रिया करतात. डेव्ही यांनी तार टांगली होती ती अल्कोहोलच्या वाफेत, हे इथे आठवावे. मिथेनॉल हा अल्कोहोलांच्या कुटुंबातला सर्वांत लहान भाऊ. म्हणजे चालत्या ग्लो इंजिनात तारेला तीन ठिकाणांहून उष्णता मिळते. आधीच्या स्फोटाची उरलेली धग, मिश्रण दाबले गेल्यामुळे वाढलेले तापमान आणि तारेच्या पृष्ठभागावरचे उत्प्रेरण. सेकंदाला २०० वेळा काडी लावणारे हे तिघे. यांतला एकही थोडा कमी पडला, तर इंजिन बंद पडते.

डीझेल मोटारीतही ग्लो प्लग असतो, पण तो नुसता विजेचा हीटर. गार इंजिन सुरू होण्यास मदत करणे एवढेच त्याचे काम. नाव एकच असले, तरी उत्प्रेरणाची भूमिका मोटारीत नाही.

मिथेनॉल आणि एरंडेल

मिथेनॉलच्या २ रेणूंना जळण्यास ऑक्सिजनचे ३ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २ आणि पाण्याचे ४ रेणू होतात. त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे १ किलो मिथेनॉलला सुमारे साडेसहा किलो हवा पुरते. पेट्रोलला सुमारे १५ किलो लागते. किलोमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून थोडी कमी. पण सिलिंडरमध्ये मावते ती हवा ठरलेली असते, म्हणून हिशेब हवेच्या किलोमागे केला पाहिजे. तसा केला तर दोन्ही इंधने जवळजवळ सारखीच ऊर्जा देतात. फरक पडतो तो वाफ होताना. मिथेनॉलची बाष्पीभवनाची उष्णता मोठी आणि त्याचे प्रमाणही दुप्पट. त्यामुळे तेवढ्याच हवेमागे ते पेट्रोलच्या सुमारे सातपट उष्णता शोषते. इतक्याशा इंजिनाला पाण्याच्या टाकीशिवाय थंड राहता येते, ते बरेचसे यामुळे.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातूनच द्यावे लागते, आणि खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. इथे आपले धुऱ्यावरचे एरंडाचे झाड मदतीला येते. एरंडेलात सुमारे ९० टक्के असलेल्या रिसिनोलेइक आम्लाच्या साखळीवर, बाराव्या कार्बनपाशी, एक हायड्रॉक्सिल गट असतो. इतर खाद्यतेलांत तो नसतो. या गटामुळे एरंडेल अल्कोहोलात विरघळते, पेट्रोलमध्ये मात्र नीट मिसळत नाही, आणि धातूला घट्ट चिकटून राहते. जुन्या लोकांनी बंडीच्या आखाला एरंडेलाची चिंधी लावली, तीही याच चिकटपणापायी. पहिल्या महायुद्धातील ज्या विमानांचे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे, त्यांतही एरंडेलच वापरत. पेट्रोलने ते धुऊन जात नसे. आज जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातमध्ये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काही प्रकारांत ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल असे साधे इंधन ठरवून दिलेले असते. पुष्कळ जण सुलभ चालण्यासाठी थोडे नायट्रोमिथेन घालतात. त्याच्या रेणूत ऑक्सिजन अधिक असल्याने तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळते. शिकण्यासाठी त्याची गरज नाही.

मिथेनॉलबद्दल एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. ते विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने १०० हून अधिक माणसे मेली, ती दारूतल्या मिथेनॉलने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांची नस आधी जाते. थोडे घोटही दृष्टी घालवू शकतात. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही, हा दुसरा धोका. ते बाळगण्यावर कायद्याची बंधने आहेत. शाळेने ती आधी समजून घ्यावीत आणि इंधन शक्यतो अनुभवी मंडळाच्या देखरेखीखाली, कुलपात, नावाची चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावे. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये.

सुरू करताना

इतका इतिहास कळला की हे इंजिन सुरू करण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक नियम म्हणजे तारेची उष्णता सांभाळण्याचा एकेक उपाय.

इंजिन आधी जाड फळीवर स्क्रूंनी घट्ट बसवावे. टाकीतील इंधनाची पातळी साधारण कार्ब्युरेटरच्या रेषेत असावी. वर असेल तर इंधन आपोआप वाहून आत साचते, फार खाली असेल तर चढत नाही. प्लग काढून त्याला दीड व्होल्टचा सेल जोडून पाहावा. तार नारिंगी-लाल दिसली पाहिजे. अंधुक दिसली तर सेल उतरलेला आहे. अशा प्लगला २ ते ४ अँपिअर प्रवाह लागतो. टॉर्चचा साधा सेल तो फार वेळ देऊ शकत नाही.

इंधन किती यावे हे नीडल व्हॉल्व्ह ठरवतो. कारखान्याने सांगितले असेल तितके, बहुधा अडीच ते तीन, आटे तो उघडावा. हवेच्या तोंडावर बोट ठेवून, प्लगला सेल न जोडता, पंखा दोन-तीनदा फिरवला की इंधन आत ओढले जाते. मग पंखा हाताने सावकाश फिरवून पाहावा. तो मध्येच दगडासारखा अडला, तर आत द्रव साचला आहे. हवा दाबता येते, द्रव दाबता येत नाही; जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढून इंधन बाहेर सांडू द्यावे.

हे सारे झाल्यावर सेल जोडावा आणि पंखा रबरी नळी चढवलेल्या काठीने झटक्याने फिरवावा, बोटाने नव्हे. सुरू झालेला पंखा डोळ्यांना दिसत नाही, आणि बोट तोडण्याइतका वेग त्याला पहिल्याच सेकंदात येतो. मुलांनी पंख्याच्या पुढे किंवा बाजूला उभे राहू नये. डोळ्यांवर चष्मा हवा. नीडल फिरवायचा तो पंख्याच्या मागून.

पहिल्यांदा इंजिन जाड आवाजात, पांढरा धूर सोडत चालते. इंधन जास्त, हवा कमी; कारागीर याला ‘रिच’ म्हणतात. अर्धा मिनिट तसे चालू द्यावे, मगच सेल काढावा. सेल काढताच इंजिन बंद पडले तर दोष कुठे ते ओळखता येते. मिश्रण फार रिच असेल तर जादा इंधन तारेला गार करते. तार जुनी, काळवंडलेली असेल तर उत्प्रेरण मंदावलेले असते. विजेने तापवली तर चालते आणि स्वतःच्या बळावर चालत नाही, याचा अर्थ उष्णतेचा जमाखर्च जुळत नाही. वर्गात विचारायला हा प्रश्न फार चांगला आहे.

नीडल हळूहळू बंद करत गेले की आवाज चढत जातो. सर्वांत चढ्या आवाजाला थांबायचे नाही. तिथून थोडे मागे यायचे. इंधन कमी केले म्हणजे वंगणही कमी केले, कारण दोन्ही एकत्रच येतात. वेग वाढतो आहे असे वाटत असतानाच दट्ट्या कोरडा पडत असतो. नवीन इंजिन तर पहिल्या काही टाक्या मुद्दाम रिच आणि थोडा थोडा वेळच चालवावे. मध्ये पुरते थंड होऊ द्यावे.

आता चांदूर बाजारचा हिशेब करू. डिसेंबरच्या पहाटे तापमान १२ अंश सेल्सिअस, म्हणजे २८५ केल्व्हिन. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश, म्हणजे ३१८ केल्व्हिन. दाब सारखाच धरला तर हवेची घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २८५ भागिले ३१८ म्हणजे सुमारे ०.९. मे महिन्यात सिलिंडरमध्ये १० टक्के हवा कमी येते. डिसेंबरात बसवलेला नीडल मेमध्ये तसाच ठेवला, तर इंजिन रिच चालेल आणि कुरकुरेल. तो किंचित बंद करावा लागेल. पण बाहेरची हवाच ४५ अंशांची असल्याने थंडावाही कमी, म्हणून उन्हाळ्यात तो फार बंद करू नये. पावसाळ्यात तिसरी अडचण. मिथेनॉल हवेतली वाफ शोषून घेते. डबा उघडा राहिला की इंधनात पाणी मिसळते, आणि ते तारेची उष्णता खाते.

बंद केल्यानंतर

ग्लो इंजिने झिजून मरण्यापेक्षा कपाटात पडून अधिक मरतात. मिथेनॉल जळताना थोडे फॉर्मिक आम्ल बनते, इंधनात उरलेले पाणी असते, नायट्रोमिथेन असेल तर नायट्रोजनची आम्लेही होतात. ही सगळी मंडळी बेअरिंगवर गंज चढवतात. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर इंधनाची नळी काढून, प्लगला सेल जोडून, आतले उरलेले इंधन जाळून टाकावे. मग दोन-चार थेंब पातळ यंत्रतेल सोडून पंखा हाताने फिरवावा.

एरंडेलाचा दोषही त्याच्या गुणातच आहे. ते धातूला चिकटते, आणि बरेच दिवस राहिले की डिंकासारखे घट्ट होते. कपाटातून काढलेले इंजिन फिरत नसेल तर पान्याने पंखा ओढू नये. इंजिन गरम हवेने किंवा उन्हात तापवावे, डिंक मऊ होतो.

वऱ्हाडात भर पडते ती काळ्या मातीच्या धुळीची. उन्हाळ्यात उडणारी ही बारीक धूळ कार्ब्युरेटरमधून आत गेली की दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असलेला सांधा घासून टाकते. ग्लो इंजिनाच्या दट्ट्याला अनेकदा रिंगही नसते. दाब टिकतो तो केवळ या नेमकेपणावर. म्हणून मैदानात फळी जमिनीवर ठेवू नये, आणि घरी परतल्यावर हवेचे तोंड व धुराची वाट स्वच्छ फडक्याने बंद करावी. स्टोव्हची पिन मात्र प्लगच्या तारेला कधी लावू नये, ती तुटते.

आज या इंजिनाचे काय?

आपल्या देशात या छंदाला शाळा-महाविद्यालयांत आणले ते प्रामुख्याने राष्ट्रीय छात्र सेनेने. १९४८ साली सुरू झालेल्या या संघटनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनवणे व उडवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. विदर्भातील विद्यार्थ्यांना जवळचे केंद्र म्हणजे नागपूर. तिथे छात्र सेनेचे हवाई पथक आहे आणि हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही आहे. पुण्याचे सदानंद काळे यांच्यासारख्यांच्या प्रात्यक्षिकांमुळे महाराष्ट्रातल्या मुलांना अशी विमाने प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

एकविसाव्या शतकात हलकी लिथियम बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर आली. आज बहुतेक प्रतिकृती विजेवर उडतात. ग्लो इंजिन काही स्पर्धांपुरते आणि हौशी लोकांपुरते उरले आहे. वजनाचे जे गणित १९४७ साली तारेच्या बाजूने सुटले होते, ते आता बॅटरीच्या बाजूने सुटते. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

पण मोटर चालू करायला कळ दाबली की झाले. ती का चालते, हे मुलांना विचारावेच लागत नाही. ग्लो इंजिन मात्र हवेचे तापमान, इंधनातले पाणी, तारेचा पृष्ठभाग यांची दखल घेतल्याखेरीज चालतच नाही. नववी-दहावीच्या पुस्तकांत वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले बाष्पीभवन, उत्प्रेरण, घनता आणि वंगण एका लिंबाएवढ्या वस्तूत एकत्र येते. गावात एखाद्या माजी छात्रसैनिकाकडे असे इंजिन पडून असेल. ते मिळाले तर आधी सुरू करू नये. मुलांसमोर उघडून ठेवावे, प्लगला सेल जोडून तार लाल झालेली दाखवावी आणि विचारावे, की सेल काढल्यावर ही तार हवेत लगेच काळी पडते, मग चालत्या इंजिनात लाल कशी राहते? उत्तराला दोन तास लागले, तरी लागू द्यावेत. डेव्ही यांच्या तारेला खाणीतून विमानात पोचायला १३० वर्षे लागली होती.